राजदूतच्या पोटातल्या अक्षता

२३ सप्टेंबर २००१, रविवार

काल लिहिलं की राजदूत मोटरसायकलचं इंजिन गंजून जाम झालंय. चूक! ते झुंबरकाकांचं मत होतं, मी न तपासता माझं म्हणून उतरवलं. आज प्लग काढून किक दाबली – पिस्टन छान खालीवर होतोय. काकांना इंजिनातलं नांगराइतकंच कळतं, आणि नांगरही त्यांच्याकडे सालदारच धरतो. लताआत्यानं मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. तिचा नियम – चुकलेलं खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं. लिहिलं.

गाडी चालायलाच हवी. सकाळची एसटी कधी येते, कधी येतच नाही. आठचं प्रॅक्टिकल कितीदा बुडलं! सर म्हणाले, "आता एक जरी चुकलं तर टर्म विसरा." हे अण्णांना सांगितलं तर बाप असून हसले. "अकरा वर्षं पडलीय ती. चालू कर न् खुशाल ने कॉलेजला! लय मोठी इंजिनेर!" ओट्यावरचे सगळे हसले. हसू देत.

२ ऑक्टोबर

कार्बोरेटर उघडला. आत तांदूळ!

हवा जाते त्या तोंडावरचं झाकण कधीच हरवलंय. दर दसऱ्याला गाडीची पूजा – मूठमूठ अक्षता, कुंकू, आपल्याच मळ्यातल्या झेंडूच्या पाकळ्या, सगळं थेट पोटात. आधी पाइपानं आंघोळ, ती वेगळीच. वर उंदरानं संसार थाटलेला. इतक्या वर्षांत ऑइलचा थेंब नाही, नारळ मात्र एकदाही चुकला नाही! एवढी भक्ती, आणि झाकण आणायला कुणाला सवड नाही.

काकांना दाखवलं. "टाकू नको, देवाचा प्रसाद हाय तो." मग काय, खीर करून इंजिनाला घालू? (मनातच.)

७ ऑक्टोबर

कॉलेजात वर्गातला महेश सगळ्यांसमोर – "थिअरीत पहिली येतेस गं, पण पाना धरता येतो का?" या महाशयांनी जर्नलमध्ये टू-स्ट्रोक इंजिनाला नसलेले व्हॉल्व्ह काढलेत. सरांनी त्यावर सहीसुद्धा केली! माझ्या नखांतलं ग्रीस दिसू नये म्हणून मी हात ओढणीत लपवले. का लपवले?

१४ ऑक्टोबर, रविवार

सगळं जोडलं आणि एक वॉशर उरला. जेवण गेलं नाही. उद्या पुन्हा सगळं उघडायचं.

१५ ऑक्टोबर

उघडलं. सगळे वॉशर जागच्या जागी! जास्तीचा निघाला प्रफुल्लदादाच्या फवारणीच्या पंपाचा. "ठेवला असंल तिथं, मला काय माहीत." दादा दहावीला दोनदा बसला, पण अजून वस्तू जागेवर ठेवायला शिकला नाही.

२० ऑक्टोबर, शनिवार

चालली!! निळा धूर, आणि सायलेन्सरमधून करपलेल्या तांदळाचा वास. आई स्वयंपाकघरातून धावत – "काय लागलं गं खाली?" ज्यानं महिनाभरात एक नट फिरवला नाही तो दादा म्हणाला, "मी म्हणलोच होतो, कार्बोरेटरचा लोच्या हाय." म्हणाला नव्हता.

मळ्यातल्या वाटेवर दोन फेऱ्या मारल्या. लायसन्स मी उन्हाळ्यातच काढलंय. दादानं अजून नाही. अण्णा टाकीवरून हात फिरवत राहिले. "सीट नवीन टाकू. रंग काळा मार, उठून दिसंल. दसरा होऊ दे, मग ने." माझ्यासाठी एवढं! मला रडूच आलं.

२६ ऑक्टोबर, दसरा

पूजेआधी हवेच्या तोंडावर नवं झाकण घट्ट बसवलं, वर प्लास्टिक बांधलं. काका भडकले – "देवाला प्लास्टिक दाखवती!" देवाला नाही काका, तांदळाला. यंदा अक्षता जमिनीवर पडल्या आणि चिमण्यांनी टिपल्या. पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडल्या.

२७ ऑक्टोबर, शनिवार

मेथी निवडता निवडता आईनं सांगितलं, माझ्याकडे न बघता. सोमवारी दहा वाजता देवळ्याचे पाहुणे मला बघायला येणार. अण्णांचं बोलणं आधीच झालंय – जमलं तर मुलाला लग्नात गाडी. हीच. नवी सीट, काळा रंग, सगळं त्याच्यासाठी. महिनाभर मी माझा हुंडा दुरुस्त करत होते!

म्हटलं, आई, सोमवारी आठला माझी प्रॅक्टिकलची ओरल आहे. ती म्हणाली, "अण्णांनी त्यांना शब्द दिलाय गं." मलाही दिला होता. त्यांच्या आधी.

सोमवार, २९ ऑक्टोबर, सकाळी सात. गाडी मी नेणार, कॉलेजला.