कोंबडा मऊ करण्याचं शास्त्र

२ मे १९८९, डिचोली
यंदा लग्न करायचंच. वय छत्तीस, पण दिसत नाही. धारगळचे बाबाजी रविवारी आमचं घर बघायला येणार. त्यांची मुलगी सुमंगला, बी.ए. फोटो पाहिल्यापासून जेवण जात नाही.
आई म्हणते, पाहुण्यांना ब्रॉयलर वाढला तर नाक कापलं जाईल. म्हणजे आपला गावठी कोंबडा. तो खनिजाच्या ट्रकांवर आरवून आरवून म्हातारा झालाय. आणि बाबाजींना कवळी!

४ मे
घाबरायचं कारण नाही. मी नववीला सायन्स शिकवतो. उपाय: कच्ची पपई. तिच्यात पपेन नावाचं एन्झाइम असतं, ते मांस मऊ करतं. एन्झाइम म्हणजे काय, तर रखडलेली क्रिया झटपट घडवून आणायची आणि आपण जसंच्या तसं बाजूला व्हायचं. किती निःस्वार्थी! थेट माझा स्वभाव.
आमच्या शाळेच्या पीटीच्या निलेशलाही जेवायला बोलावलंय. माझ्याबद्दल चार बरे शब्द बोलायला कुणीतरी हवं. त्याच्याकडे स्कूटर आहे, डोकं बेताचं.

६ मे
आई ओरडली, कोंबड्याच्या शागोतीत पपय? तो चीक माका नाका! ठीक. पपई आधी खळखळून उकळणार, मग कोंबड्याला लावणार. चीकही जाईल आणि उष्णतेने एन्झाइमचा वेगही वाढेल. एका दगडात दोन.

७ मे, दुपारी
रस्सा शिजला, कोंबडा शिजला नाही. बाबाजींनी तंगडी चावली. कवळी तंगडीतच राहिली. मी ओढली, आली नाही. निलेशने सोडवली, धुऊन दिली, उंडे पाव रश्शात भिजवून वाढले. बाबाजी म्हणाले, बरो भुरगो, चांगला मुलगा. बघत होते निलेशकडे, पण घर माझं.
निलेश त्यांना स्कूटरवरून धारगळला सोडायला गेला.

७ मे, संध्याकाळी
पाठ्यपुस्तक उघडलं. उकळल्यावर एन्झाइम निकामी होतं. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. यंदाच्या कोंबड्यातच दोष असावा.

१२ मे
निलेश परत धारगळला गेला. माझं जमवायला असणार. नवा शर्ट घातला होता. एवढं कोण करतं मित्रासाठी!

२१ मे
निलेश पेढे घेऊन आला. सुमंगलाशी त्याचं ठरलं. म्हणाला, सर, फक्त तुमच्यामुळे जमलं. आई पेढा न घेता आत गेली. मला फार वाईट वाटलं. पेढा खाल्ला.
४ मेची नोंद परत वाचली. क्रिया झटपट झाली. मी बाजूला, जसाच्या तसा.