उतरायला जागा

प्रिय दादा,

तू टोरांटोहून पाठवलेलं सी हॉक विमानाचं मॉडेल एकदाचं जोडून झालं. "सोपं आहे रे, लहान मुलंही करतात," असं तू फोनवर म्हणालास. लहान मुलांना दिवसभर रोलिंग मिलच्या भट्टीपुढं उभं राहायचं नसतं. नखाएवढे तुकडे चिमट्यानं चिकटवत दीड महिना गेला. त्यात खंडेनवमीला जान्हवीनं आपल्या दप्तरासोबत त्याचीही पूजा केली, तेव्हापासून युद्धविमानाचं नाक कुंकवानं लाल आहे.

तरी मी ते ऐटीत अण्णांपुढं ठेवलं. एकाहत्तरच्या लढाईत ते विमानवाहू जहाजावर याच विमानांचे मेकॅनिक होते. वाटलं, शाबासकी मिळेल.

"येड्या, जहाजावर पंख उघडे ठिवून कोन उभं करतं? मिटव जल्दी!"

"अण्णा, खोक्यावरच्या चित्रात उघडेच आहेत. पक्के चिकटवलेत मी."

"चित्रवाल्याला काय कळतंय? मागून दुसरं उतरून राह्यलं. त्याला जागा नको?"

मग मी पंख कापले आणि मिटवून पुन्हा चिकटवले. अण्णांनी विमान कपाटाच्या फळीवर कोपऱ्यात सरकवलं, आपल्या गोळ्यांच्या डब्या खाली ठेवल्या आणि बाकीची फळी मोकळी केली. रोज सकाळी ती पुसतात आणि मला विचारतात, "थोरला कधी उतरतोय?"

हे पत्र मी पाठवणार नाही. अण्णांना आणखी एक विमान हवंय असं तुला वाटेल, आणि तू लगेच दुसरं खोकं पाठवशील.

तुझा, बोटांचा गोंद अजून न निघालेला,
उमेश