स्टेन्सिलला पडणारी भोकं

सोमवार, ५ जानेवारी १९८१
वर्ष सुरू होऊन पाच दिवस झाले, पण डायरी आज मिळाली. त्यामुळे संकल्प आजपासून लागू. पहाटे उठणे. रागावर ताबा. बेचाळिसाव्या वर्षी तरी लोकांना दाखवून देणे. (काय, ते नंतर ठरवू.)
प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. २२ फेब्रुवारीला आमच्या कॉलेजात जिल्ह्याची संशोधन परिषद. जीवशास्त्र, वैद्यक, रसायन, इलेक्ट्रॉनिक्स, पर्यावरण अभियांत्रिकी. अठ्ठावीस निबंध. त्यांच्या सारांशांची मराठी पुस्तिका टाइप करून सायक्लोस्टाइल करायची. म्हणाले, "बोरस्ते, हे तुमच्याशिवाय होणार नाही." सतरा वर्षांच्या नोकरीत हे वाक्य प्रथमच ऐकलं.
नंतर कळलं की दुसऱ्या टायपिस्ट बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत. तो योगायोग.

बुधवार, ७ जानेवारी
पाच सारांश वाचले. संशोधन म्हणजे काय ते लक्षात आलं. सारख्या दोन गोष्टी घ्यायच्या. एकीला काहीतरी करायचं, दुसरीला करायचं नाही, आणि बघत बसायचं. बघत बसण्याचा माझा अनुभव इथल्या कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त आहे.
एका निबंधात शेवग्याच्या बियांची पूड टाकून गढूळ पाणी स्वच्छ केलंय. घरी करून पाहणार.

शुक्रवार, ९ जानेवारी
माठात पूड टाकली. आमचं पाणी मुळात गढूळ नव्हतं, ते आता झालं. सौ.नी माठ ओतला आणि दिवसभर अबोला. विज्ञानाला घरात वातावरण नाही.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत
चांदवडहून मेहुणे आले. कारभारी. कांद्याचं पोतं घेऊन. पोतं पाहिलं आणि विषय सुचला. कांदा टिकत नाही ही जिल्ह्याची मोठी अडचण. संगीतानं झाडं वाढतात असं हल्ली सगळीकडे छापून येतं. मग रेडिओनं कांदा टिकेल का? कांदा आला म्हणजे जीवशास्त्र, रेडिओ आला म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. कापराच्या दोन वड्या ठेवल्या की रसायन. कांदा ऊन लागल्यावर हुंगतात, ते वैद्यक. सडका वास येणार नाही, ते पर्यावरण. पाचही शाखा एकाच निबंधात. अठ्ठावीस जणांपैकी एकालाही हे जमलेलं नाही.
कारभारींना सांगितलं. ते म्हणाले, "दाजी, हा पोळ कांदा हे, पावसाळी. लय दिवस राहत नाय. कोंब फुटंल. टिकवायचा तर उन्हाळी कांदा येऊ द्या."
उन्हाळी कांदा यायला एप्रिल उजाडणार. परिषद फेब्रुवारीत. शेतकऱ्याला तारखेचं महत्त्व कळत नाही.

गुरुवार, १५ जानेवारी
प्रयोग सुरू. चाळीस कांदे खोक्यात, वर रेडिओ. चाळीस कांदे न्हाणीघराजवळच्या टोपलीत, रेडिओविना. सौ.ना बातम्या ऐकायच्या होत्या. रेडिओ हलवायचा नाही, खोक्याजवळ बसून ऐका, असं सांगितलं. त्यांनी ऐकल्या, पण खोक्याकडे पाठ करून.

सोमवार, १९ जानेवारी
वैताग. टाइपरायटरचं टिंबाचं बटण स्टेन्सिलच्या मेणकागदाला भोक पाडतं. त्यातून शाई गळून हरभऱ्याएवढा डाग उमटतो. वाक्याच्या शेवटी मी हिंदीसारखा उभा दंड मारतो, त्याला काही होत नाही. पण या लोकांना जळीस्थळी दशांश चिन्ह हवं. ७.८, ११.४, ०.६. तीन स्टेन्सिलं वाया गेली. कोंडाजी आमचा शिपाई, सायक्लोस्टाइलचं मशीन तोच फिरवतो. तो काहीतरी सांगू पाहत होता. मी म्हटलं, तू हँडल बघ.
निर्णय घेतला. टिंब बंद. ७.८ चे ८. ११.४ चे ११. पूर्णांकाला भारदस्तपणा असतो.

शुक्रवार, २३ जानेवारी
आज मिस पगारेंचा निबंध. मंगल पगारे, प्राणिशास्त्राच्या हंगामी डेमॉन्स्ट्रेटर. दोन वर्षं दर रविवारी एसटीनं नऊ गावं फिरल्या. चाळीस वापराच्या विहिरींत गप्पी मासे सोडले आणि डासांच्या अळ्या मोजल्या. मासे अळ्या खातात, हिवताप कमी होतो. मात्र विहिरीत ब्लीचिंग पावडर जास्त पडून क्लोरीन ०.२ च्या वर गेला की मासे मरतात.
चांगला विषय, पण मांडणी अगदी भित्री. ०.२ चं काय करायचं? जवळचा पूर्णांक शून्य. शून्य म्हटलं तर पावडर टाकूच नका असा अर्थ होतो, ते आरोग्याच्या दृष्टीनं बरं नाही. म्हणून २ केले. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, "या निष्कर्षांची आणखी तपासणी व्हायला हवी." हे कोण लिहितं? मी लिहिलं, "हे निर्विवाद सिद्ध झाले आहे." त्यांची नोकरी मार्चअखेर संपतेय. परिषदेचे अध्यक्ष पुण्याच्या एका संस्थेचे संचालक, ते दोघांना फेलोशिप देणार आहेत. मुलीचं भलं व्हावं एवढाच हेतू.

बुधवार, २८ जानेवारी
मिस पगारे ऑफिसात आल्या. "भाऊसाहेब, माझं पान एकदा बघायला मिळेल का? आकडे तपासले असते."
म्हटलं, निश्चिंत राहा, तुमचा निबंध मी स्वतः बघितलाय.
त्या म्हणाल्या, "म्हणूनच." मग लगेच, तसं नाही, मला सवय आहे तपासायची, असं म्हणून गेल्या. गेल्या आठवड्यापासून ही तिसरी खेप. विश्वास नावाची गोष्ट राहिली नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी
न्हाणीघराजवळच्या टोपलीत अकराच कांदे. सौ.ना विचारलं. म्हणाल्या, पिठल्याला लागतात, थालीपिठाला लागतात, तुम्ही खोक्याला हात लावू नका म्हणालात, टोपलीचं काही बोलला नाहीत.
आधी संताप झाला, ऑफिसात कोंडाजीला सगळं सांगूनही टाकलं. मग शांतपणे आकडे मांडले. रेडिओ नसलेल्या गटात चाळीसपैकी एकोणतीस कांदे नष्ट. रेडिओ असलेल्या गटात एकही नाही. असा फरक अठ्ठावीस निबंधांत कुणाला सापडलेला नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
रेडिओच्या खोक्यातल्या चौतीस कांद्यांना कोंब फुटले. सहा मऊ पडलेत. निबंधाचं शीर्षक "कांद्याची टिकाऊ क्षमता" असं होतं, ते "कांद्यातील चैतन्यवृद्धी" केलं. पान २९ वर स्वतःच टाइप केलं. प्राचार्यांनी पुस्तिकेवर सही केली. आत पाहिलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवणारा कॉलेजात हा एकच माणूस.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
दीडशे प्रती तयार. टाचण्या मारताना कोंडाजीचं बोट सुजलं. मला एक कल्पना सुचली. संशोधन कपाटात पडून राहतं, लोकांपर्यंत जात नाही, अशी ओरड असते. मिस पगारेंच्या निबंधातल्या नऊही ग्रामपंचायतींना पुस्तिका टपालानं धाडल्या. सोबत पत्र. "पान १७ प्रमाणे त्वरित कार्यवाही करावी." खाली सही, धों. भि. बोरस्ते, संशोधन विभाग. असा विभाग नाही. पण कुणीतरी सुरुवात करायला हवी.

मंगळवार, १७ फेब्रुवारी
मिस पगारे पुन्हा हजर. छापून झाली असेल तर एक प्रत द्या म्हणाल्या. परिषदेच्या दिवशी सगळ्यांना एकदमच मिळेल, असं सांगितलं. नियम म्हणजे नियम. जाताना त्यांनी कोंडाजीकडे पाहिलं, कोंडाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी टाइपरायटरकडे पाहिलं.

रविवार, २२ फेब्रुवारी
सविस्तर लिहायची इच्छा नाही. पण नोंद हवी.
सकाळी वीज गेली, माइक बंद. माझा निबंध अकरा वाजता. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ते एकोणतीस कांदे नेमके कसे नष्ट झाले? मी म्हटलं, त्यावर अभ्यास चालू आहे. कोंडाजी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. तो म्हणाला, "वहिनींनी भाजीत घातले, साहेब." त्याला कुणी विचारलं नव्हतं. सभागृह बराच वेळ हसत होतं. माइक नसूनही प्रत्येक हसणं वेगळं ऐकू आलं.
दुपारी मिस पगारे. अध्यक्षांनी पुस्तिकेतून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "क्लोरीन दोनपर्यंत मासे जगतात? मग आमच्या प्रयोगशाळेतले का मेले?" बाईंना प्रत तेव्हाच हातात मिळाली होती. त्यांनी पान १७ उघडलं. वाचलं. पान उलटून पाहिलं, पुन्हा मागे आणलं. मग म्हणाल्या, "सर, हा सारांश माझा नाही." पिशवीतून वही काढली आणि आकडे वाचायला लागल्या. पंधरा मिनिटं कुणी हललं नाही.
शेवटी त्यांनीच विचारलं, ही पुस्तिका बाहेर कुठे गेलीय का? कोंडाजी पुन्हा बोलला. "नऊ गावांना टपालानं. भाऊसाहेबांनी पाठवली." त्या खुर्चीवर बसल्या. पाणी मागितलं.
माझ्या मते हे जरा अतीच. ग्रामपंचायतीत आलेलं टपाल कोण उघडतं?

मंगळवार, २४ फेब्रुवारी
उघडतात. सिन्नर बाजूच्या एका गावच्या ग्रामसेवकाचं कार्ड आलं, माझ्या नावानं. "आपल्या पुस्तिकेप्रमाणे तिन्ही विहिरींत पावडर टाकली. कार्यवाही पूर्ण. मासे मात्र सर्व वर आले आहेत. हे असेच व्हावयाचे असते काय, कृपया कळवावे."
कार्ड खिशात ठेवलं. दुपारी काढलं. परत ठेवलं. दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. चार वाजता प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये गेलो आणि टेबलावर ठेवलं. ग्रामसेवकानं पावडर मोजली असेल का, त्या गावचं पाणी कसं आहे, असं मी बरंच बोलत होतो. मिस पगारेंनी कार्ड दोनदा वाचलं. म्हणाल्या, "तिथल्या तिन्ही विहिरींत सगळ्यात जास्त मासे होते. वत्सलाबाई म्हणून एक आजी आहेत, त्या रोज बघायच्या." एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही काही बोलता आलं असतं.
पुण्याहून निरोप आहे. निबंध दुरुस्त करून, विहिरींच्या नव्या नोंदींसह मेपर्यंत पाठवा, मग फेलोशिपचं बघू. एका मेहनती मुलीला संधी मिळतेय, असंही त्याकडे पाहता येईल. तसं मी कोंडाजीला म्हटलं. तो उठून गेला.

बुधवार, २५ फेब्रुवारी
प्राचार्यांनी खुलासा मागवलाय. शिवाय आजच्या आज शुद्धिपत्र. उरलेल्या आठ गावांना तारा गेल्या. मिस पगारे शेजारी बसून वहीतून वाचत होत्या, मी टाइप करत होतो. पहिल्याच टिंबाला भोक. दुसऱ्यालाही. कोंडाजी म्हणाला, "भाऊसाहेब, त्याला हलक्या हातानं मारायचं असतं. एका बोटानं, नुसतं टेकवल्यासारखं. जानेवारीतच सांगत होतो." मारून पाहिलं. भोक पडलं नाही.
शुद्धिपत्र अडीच पानं. टिंबं चौऱ्याहत्तर. शेवटची ओळ प्राचार्यांनी स्वतः सांगितली. "पान २९, संपूर्ण : वाचू नये."

शुक्रवार, २७ फेब्रुवारी
खुलाशाचे तीन मसुदे. पहिल्यात दोष टाइपरायटरचा. दुसऱ्यात लोडशेडिंगचा, पण मी टाइप दिवसा करतो. तिसऱ्यात रजेवरच्या बाईंचा. सौ.नी तिन्ही वाचले. म्हणाल्या, "ती मुलगी तीनदा आली होती ना बघायला? ते कुठे लिहिलंय?" चौथा मसुदा चार ओळींचा झाला. टिंबं मी काढली. आकडे मी बदलले. बाई तीनदा पान बघायला आल्या होत्या. मी दाखवलं नाही. तोच दिला.

रविवार, १५ मार्च
सकाळी सातला द्वारका चौकातल्या एसटी थांब्यावर उभा राहिलो. मिस पगारे आणि कोंडाजी माशांचा डबा घेऊन त्या गावी जाणार, हे शुक्रवारी कळलं होतं. मला कुणी या म्हटलं नव्हतं. एसटीत डबा मी मांडीवर धरला. पाणी हिंदकळून पँट भिजली.
विहिरीवर वत्सलाबाई भेटल्या. म्हणाल्या, "मासं गेलं तवापासून डास लय झाले, पोरी." मग मला विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, कॉलेजातला. कोंडाजी खाली दोर बघत होता, तो काही बोलला नाही.
बाईंनी मासे सोडण्याआधी विहिरीतून वाडग्यात पाणी घेतलं. अळ्या मोजायच्या होत्या. त्यांच्या हातात वही होती, म्हणून वाडगा मी धरला आणि म्हटलं, मी मोजतो. त्या थांबल्या, मग म्हणाल्या, मोजा. उन्हात बसून मोजल्या. अळ्या एका जागी राहत नाहीत, खालीवर होत असतात. दोनदा चुकलो, पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्यांदा नीट जमलं.
त्रेसष्ट, मी सांगितलं.
त्यांनी ऐकून घेतलं. पेन वहीत ठेवलं, वही बाजूला ठेवली, माझ्या हातातून वाडगा घेतला आणि एकपासून मोजायला लागल्या.