येते म्हणू नये

गुरुवार, ८ जानेवारी

खंडाळ्याच्या रस्त्यावरच्या या बंगल्याची डागडुजी दोन वर्षं चालली. दिवाळीत तो संग्रहालय म्हणून उघडला. चार दिवसांत मला त्याचे फोटो काढायचे आहेत, खोल्यांचे आणि पाहुण्यांच्या फेरीचे. वडगावहून सकाळच्या लोकलने आले. थंडी छान आहे. खिडक्यांतून येणारा उजेड इतका मऊ की फ्लॅशची गरज नाही. बऱ्याच दिवसांनी मनासारखं काम मिळालं.

फेरी निलेश नावाचा गाईड नेतो. जेवणघरातली त्याची गोष्ट लोकांना आवडते. बंगला रेल्वेच्या एका ठेकेदाराचा. तो एके सकाळी 'येतो' म्हणून घाटात कामावर गेला आणि परतला नाही. बायकोने त्याचं ताट उचलू दिलं नाही. मग घराचा तो रिवाजच झाला. जो 'येतो' म्हणेल त्याचं ताट मांडायचं. टेबलावर पितळेची आठ ताटं आहेत. पुण्याच्या एका काकांनी विचारलं, मांडता ते ठीक, वाढता कधी? सगळे हसले.

संध्याकाळी निघताना मी सवयीने 'येते' म्हटलं. नंदाबाई व्हरांडा झाडत होत्या. त्यांच्या घरातली तिसरी पिढी इथे राबते. मान वर न करता म्हणाल्या, हितं येते म्हनू नगा बाई, जाते म्हना.

मला हसू आलं. गेल्या वर्षी सासरे दवाखान्यात होते. तेव्हा माझी मानसी शाळेला निघताना 'जाते' म्हणाली आणि मी तिला चापट मारली. सात वर्षांची पोर. तेव्हापासून एकदाही चुकलेली नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

जेवणघराचा फोटो घेतला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला. ताटं नऊ.

टेबलाशी जाऊन मोजली. नऊ. निलेशने यादी काढली. यादीत आठ, प्रत्येकाखाली क्रमांक चिकटवलेला. नवव्याखाली काही नाही. म्हणाला, मॅडम, डब्याबरोबर ताटपण घरून आणता का? पण हसताना त्याने नंदाबाईंकडे पाहिलं, ते मी टिपलं.

माझा संशय असा. संग्रहालयाला गिऱ्हाईक हवं. भुताची गोष्ट पसरली तर शनिवार-रविवारची गर्दी वाढेल, आणि ती पसरवायला फोटोवालीपेक्षा सोयीचं कोण? नंदाबाईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, म्या कशाला मांडू. काल तुमीच सांगितलं की, येते म्हनून.

निघताना जेवणघराला माझं कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये. नंदाबाईंना ऐकू जाईल असं मुद्दाम म्हटलं, येते.

शनिवार, १० जानेवारी

कुलूप जसंच्या तसं होतं. दार उघडून कॅमेरा लावला तर भिंगावर वाफ धरली.

नवव्या ताटात भात वाढलेला. गरम. बाजूला चवळीची उसळ, मला आवडते तशी, कोकम घातलेली. हे इथे कुणालाही माहीत नाही.

फेरी सुरू व्हायच्या आत नंदाबाईंनी ताट मागे नेऊन रिकामं केलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

दुपारी ऑफिसातली जुनी फाईल चाळली. बंगला ताब्यात घेतला त्या दिवशीचा फोटो आहे. त्यात ताटं सात. मग आठवं कुणाचं, हे निलेशने टाळलं. नंदाबाईंनी सांगितलं. इंदुरीचा विठ्ठल सुतार. इथल्या जमिनीच्या फळ्या त्याने बसवल्या. रोज येतो म्हनून जायचा. काम संपलं, घरी गेला. म्हैन्याने एका सकाळी इंदुरीहून चालत आला. वहाणा पायरीवर काढल्या. आत गेला त्यो गेलाच. लय हुडकला त्याला, न्हाई गावला.

हे ऐकून मी फाईल जागेवर ठेवली. या दोघांनी मिळून रचलं असेल. असेलही. पण उसळीचं काय?

पायरीवर थांबले. 'जाते' म्हणायला जीभ वळेना. 'जाते' म्हटलं की डोळे वटारणाऱ्या माझ्या आईचा चेहरा आठवत राहिला. तीनदा प्रयत्न केला. मग म्हटलं, मोठ्याने, दोनदा.

मागे आत कुठेतरी पितळ वाजलं. ताटावर ताट ठेवल्यासारखं.

रविवार, ११ जानेवारी

आठ. दोनदा मोजली. आठच.

संपलं असं वाटलं. अकराच्या फेरीला दारात माझा नवरा सुरज उभा, बरोबर मानसी. आईचं काम दाखवायला आणलं म्हणाला. मी त्याला काही सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर हसला असता.

फेरीभर तिचा हात सोडला नाही. जेवणघरात ती ताटांपाशी रेंगाळली. बाहेर पडताना बजावलं, काही बोलायचं नाही, गुपचूप चालायचं. तिने मान डोलावली.

पायरीवर नंदाबाईंनी तिच्या हातात पेरू ठेवला. ती वाकून पाया पडली, आणि मी शिकवलं तसं, गोड आवाजात

येते हं मावशी.

नंदाबाईंच्या हातातला झाडू खाली पडला.

ती नंदाबाईंना म्हणाली. घराला नाही. मी तिला हलवून म्हटलं, जाते म्हण. आत्ता म्हण. ती रडायला लागली. म्हणाली, तसं म्हटलं की तू मारतेस. सुरज माझ्यावर ओरडला. लोक बघत होते. तिने 'जाते' म्हटलंच नाही —

सोमवार, १२ जानेवारी

घरी. तिला शाळेत पाठवलं नाही. सुरज चिडून कामावर गेला.

कालचे फोटो. शेवटचा, त्यांना रिक्षात बसवून परत आत गेले तेव्हाचा. तेव्हा मोजायचं धाडस —

नऊ. नववं लहान. वाटीत वरणभात, वर तूप.

सकाळपासून विनवतेय. जाते म्हण राजा, आई मारणार नाही. ओठ मिटून बसते. जेवायलाही नको म्हणते. पोट भरलंय म्हणते.

दाराला कुलूप. किल्ली माझ्या मुठीत. पण तिथेही किल्ली माझ्याकडेच —

दुपारचे दोन. ती उठली. चपला घालतेय. कुठे निघालीस विचारलं.

दाराचं कुलूप आपोआप —

उंबऱ्यात वळून बघतेय. हसतेय. म्हणाली, आई, तू म्हणतेस ना, घे, म्हणते. आई, जा—