जोहराचा उचललेला हात

तेतुआन, ४ नोव्हेंबर

चि. निहादला रुकय्यामावशीचे आशीर्वाद.

तुझं पुस्तक वाचून झालं. मी अक्षराखाली बोट धरून वाचते, तेव्हा वेळ लागला. पण शेवटची पानं कुठे आहेत? ती जोहरा खमिराचा गोळा पोटाशी बांधून अख्खं शहर ओलांडते, म्हातारीच्या दारापुढे येते, वाजवायला हात उचलते, आणि पुढे कोरं पान. मी पुस्तक उचललं नि सरळ दुकानात गेले. म्हटलं, बाबा, बांधणाऱ्याने पानं खाल्लीत, दुसरं दे. त्याने चारदोन प्रती उघडून दाखवल्या. सगळ्यांत तेच. वर मला म्हणतो, आजी, याला मोकळा शेवट म्हणतात. मी म्हटलं, शिंप्याने जेलाबा एकाच बाहीचा शिवला तर तिलाही मोकळी बाही म्हणू का?

बाकी चांगलं लिहिलंस हो. घरात कणीक मळायला बंदी, सरकारी पाव खिडकीतून येणार, कुणी कुणाला दार उघडायचं नाही, हे वाचून अंगावर काटा आला. पण एवढ्या उन्हात फडक्यातलं खमीर जगलं का? दार उघडलं का? तेवढं कळव.

मी बरी आहे. जिना चढताना कुरकुर होते, जिन्याची नव्हे, माझी. माझं खमीर मात्र मी इस्पितळात असताना मेलं. आईपासूनचं होतं. कुणी त्याला पीठपाणी घातलं नाही. आता दुकानातली पूड घालून पाव करते. त्यापेक्षा पुठ्ठा बरा.

लोभ आहे तो पातळ करू नकोस.

रुकय्यामावशी

रबात, १२ नोव्हेंबर

ती. रुकय्यामावशीस निहादचा सलाम. वि. वि.

तुझी मोकळी बाही वाचून खूप हसले. खरं सांगते, दार उघडलं की नाही ते मलाही माहीत नाही. उघडलं असं लिहिलं तर खोटं वाटलं. नाही उघडलं असं लिहिलं तर जोहराला तोंड दाखवायची लाज वाटली. म्हणून तिथेच थांबले. दुसऱ्या आवृत्तीत शेवट जोडा म्हणून प्रकाशक मागे लागलेत. तू म्हणशील तसं करते.

आणि रागावू नकोस, पण आजीचं खमीर अजून जिवंत आहे. तामूमावशीकडे, तुझ्याच गल्लीच्या वरच्या टोकाला. सख्ख्या बहिणी तुम्ही. एका पावापायी किती दिवस बोलणार नाही?

तब्येतीला जप. तुझ्या लोभाची भुकेली,

निहाद

तेतुआन, २१ नोव्हेंबर

चि. निहादला आशीर्वाद.

एका पावापायी म्हणे. तू तिथे नव्हतीस. आईची खूण, चार बोटांचे ठसे, आम्ही दोघीही आपापल्या पावावर उमटवायचो. गल्लीच्या भट्टीवर भाजायला नेलेल्या पावांच्या फळ्यांची अदलाबदल झाली. तर तामू सगळ्या बायांदेखत म्हणाली, रुकय्याने माझा फुगलेला पाव नेला आणि स्वतःचा बसका ठेवला. माझा पाव आणि बसका. तेव्हापासून ती आली की मी भिंतीकडे बघते, मी आले की ती आभाळाकडे.

पण तुझी जोहरा डोक्यातून जाईना. भांडी घासते तरी ती तिथे हात उचलून उभी. मला अर्धवट काम बघवत नाही. काल त्या पुडीचा पाव कोंबड्यांना टाकला, तर त्यांनीही चोच लावून सोडला. मग वाटी उचलली आणि चढ चढले. भट्टीवाला म्हणाला, हज्जा, वाट चुकलीस का? मी म्हटलं, तू फळ्या सांभाळ. तामूच्या दाराशी पोचले. आतून कणीक आपटल्याचा आवाज येत होता. काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले. वाटी काखेत धरली आणि हात उचलला.

याला मोकळा शेवट म्हणतात म्हणे.

रुकय्यामावशी

रबात, २८ नोव्हेंबर

ती. मावशीस सलाम.

सूड पुरे झाला. टपालवाल्याची वाट बघून माझी मान दुखायला लागली. दार उघडलं का, ते एका ओळीत कळव. हात जोडते.

निहाद

तेतुआन, ५ डिसेंबर

चि. निहादला तामूमावशीचे आशीर्वाद.

ही बाई माझ्या चुलीपाशी बसून मिटक्या मारते आहे आणि तुला कळवायला नको म्हणते, म्हणून कागद मी ओढून घेतला. दार तिने वाजवलंच नाही. खिडकीतून बघते तर हात वर करून नुसती उभी. हात धुऊन, पुसून मी खाली येईपर्यंत तशीच. शेवटी मीच दार उघडलं. म्हटलं, कडी वाजवायला पैसे पडतात का? तर वाटी पुढे करून म्हणते, आईचं दे. मी म्हटलं, आधी आत ये, दारातला वारा लागून माझीही कणीक बसायची. मग ती रडली. मी नाही रडले. रडले असं ती सांगेल, ते खोटं आहे.

आता दोघींचे पाव एकाच फळीवरून भट्टीला जातात. खूण तीच आहे. तुझ्यासाठी खमीर वाळवून पुडी पाठवते आहे. कोमट पाण्यात घाल आणि त्याला उपाशी ठेवू नकोस. आमचं हे पोर आहे असं समज.

तामूमावशी

ता. क. निहाद, मी रुकय्या. हिने पान भरून टाकलं, जागा कमी आहे. शेवट जोडू नकोस, प्रकाशकाला माझं नाव सांग. तू दार उघडून दिलं असतंस तर मी पुस्तक मिटून झोपले असते. फार उपकार झाले, पोरी. जोहराला म्हणावं, जरा उभी राहा. आतली बाई हात पुसत असेल.