गाइडचा सत्कार

मंगळवार, जहाजावर, संध्याकाळ

गाइडला बक्षिसी द्यायला तिथल्याच नोटा पाहिजे म्हणून मी बंदरावर पैसे बदलायच्या लाइनीत उन्हात तासभर उभी राहिली. अन् त्या नोटा यांच्याजवळ कशाला दिल्या मी? हे सौसरचे रिटायर हेडमास्तर! आपल्या खांद्यावरचा दुपट्टा गाइडच्या गळ्यात टाकला, भाषण दिलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. तो बिचारा यांच्या हाताकडेच पाहून राहिला होता.

"अहो, नोटा!" मी हळूच म्हटलं.

"एवढ्या शिकलेल्या माणसाच्या हातावर पैसे ठेवू? अपमान होते त्याचा."

जहाज सुटलं. नोटा यांच्याच खिशात. पुढच्या बंदरावर त्या चालत नाहीत. अन् हे अजून सांगून राहिले, "त्याच्या डोळ्यात पाणी आलं, पाहिलं ना तू?"

येईल नाही तं काय!