सात चाळीसची जाहिरात

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अजून डोकं तापलंय. रेडिओवर कुठली जाहिरात किती वाजता लागणार, ती यादी मी करते. दिवाळे गावच्या कोळी बायकांची मासळी जत्रा आहे रविवारी. त्यांची वीस सेकंदांची जाहिरात, त्यांच्यातल्या शेवंतामावशींच्याच आवाजातली, मी आज सकाळी सात चाळीसला लावली होती. काल फोन करून सांगितलंसुद्धा, "मावशी, सात चाळीसला ऐका हं."

सकाळी ऑफिसात पोचते तर मावशींचा फोन. "ताई, आमी सगल्या पाट्या खाली ठेवून बंदरावर रेडिओ लावून बसलो. आमची लागलीच नाय! बिल्डरची लागली. आमच्याच खाडीचं कौतुक करीत व्हता तो."

आजवर कितीजणांना 'तांत्रिक बिघाड' सांगून गप्प केलंय मी. आज ते न सांगता फोन ठेवला आणि तडक माझ्या साहेबांकडे, सावंतसरांकडे गेले.

काल मी निघाल्यावर सावंतसरांनी परस्पर मावशींची काढून खाडीकाठच्या टॉवरची घातली. जाब विचारला तर म्हणे, "टेन्शन कशाला घेतेस? त्यांची दुपारी तीनला लाव. काय फरक पडतो?"

काय फरक पडतो! तीनला ऐकतं कोण? आणि सात चाळीसचा शब्द कोणी दिला होता? सरांनी? मी दिला होता.

म्हणून आज सर घरी जाईपर्यंत खुर्चीतून हललेच नाही. ते गेले, मग उद्याची यादी उघडली. सात चाळीसला शेवंतामावशी. बिल्डर दुपारी तीनला.

काय फरक पडतो?